रिकामे रकाने मोजताना सूत्राचा आणि वहीचा आकडा जुळत नाही (पावसाच्या नोंदी, १ जून ते ३० सप्टेंबर)

बालाघाट_पाऊस · ५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पाटोदा-केजच्या पट्ट्यात, मांजरा धरणाच्या वरच्या अंगाला आमची ९ गावं आहेत. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्या खाली धनेगावला. धरण कोरडं पडलं म्हणजे आमच्या डोंगरातून पाणी उतरलं नाही, एवढं कळत होतं. पण आमच्या शिवारात पडलं किती, हे एकालाही आकड्यात सांगता येईना. तेव्हापासून हे मनात होतं. पुढं गावागावात एकेक साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला गावातला एक जण पाणी मोजतो, वहीत लिहितो आणि ग्रुपवर टाकतो. ते आकडे एक्सेलमध्ये चढवायचं काम माझ्याकडं.

शीट साधी आहे. ए कॉलममध्ये तारीख, बी ते जे असे ९ कॉलम ९ गावांचे. पहिल्या ओळीत गावांची नावं, दुसऱ्या ओळीपासून १२३ व्या ओळीपर्यंत १२२ दिवस. एकूण १,०९८ रकाने.

आता मला गावनिहाय किती दिवसांची नोंद राहिली ते काढायचंय. जी कॉलमच्या गावाला हे सूत्र लावलं:

=काउंटब्लँक(जी२:जी१२३)

उत्तर आलं १७. त्या गावची वही समोर ठेवून मी एकेक दिवस बोटानं मोजला, तर नोंद नसलेले दिवस ३१ निघतात. शीटमध्ये डोळ्यांनी बघितलं तरी ३१ रकाने रिकामेच दिसतात. मग सूत्र १७ कामून म्हणायलंय? ग्रामसभेत हे आकडे वाचून दाखवायचेत. चुकीचं वाचलं तर रोज सकाळी उठून पाणी मोजणाऱ्या माणसाचा विश्वास जाईल.

(मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, म्हणून सूत्रं आणि कॉलमची अक्षरं देवनागरीत लिहितोय. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

---

गोदाकाठ · ५ ऑक्टोबर, रात्री ९.४२

दादा, आधी एक तपासणी करा. जी कॉलममधला एक असा रकाना शोधा जो रिकामा दिसतो. समजा तो जी१४ आहे. बाजूला कुठंही =लेन(जी१४) टाका. उत्तर ० आलं तर रकान्यात अक्षर नाही. १ किंवा जास्त आलं तर आत काहीतरी बसलंय, ते तुम्हाला दिसत नाही एवढंच.

दोन सूत्रं अजून टाका आणि आकडे इथं लिहा:

=काउंट(जी२:जी१२३)
=काउंटए(जी२:जी१२३)

पहिलं फक्त आकडे मोजतं. दुसरं ज्यात काहीही आहे असा प्रत्येक रकाना मोजतं.

---

बालाघाट_पाऊस · ५ ऑक्टोबर, रात्री १०.०५

जी१४ ला लेन १ आलं! काही रकान्यांना ० येतंय.
काउंट: ९१. काउंटए: १०५.

---

गोदाकाठ · ५ ऑक्टोबर, रात्री १०.२०

मग गाठ सुटली. १२२ मधून ९१ खरे आकडे वजा केले की ३१ उरतात. तुमची वही बरोबर आहे.

१०५ मधून ९१ गेले की १४. हे १४ रकाने भरलेले आहेत, पण त्यात आकडा नाही. लेन १ येतंय म्हणजे आत एक स्पेस आहे. चुकीचा आकडा पडला की पुष्कळ जण तो डिलीटनं न काढता स्पेसबार मारून एंटर दाबतात. रकाना रिकामा दिसतो, पण स्पेस हेही अक्षरच, म्हणून काउंटब्लँक त्याला भरलेला समजतं. १७ आणि १४ मिळून ३१.

स्पेस असली तरी रिकामं धरायचं असेल तर हे घ्या:

=सम्प्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(जी२:जी१२३))=०))

ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस काढतं, लेन लांबी मोजतं, लांबी शून्य असेल तर उत्तर खरं येतं. आधीची दोन वजाबाकीची चिन्हं त्या खऱ्या-खोट्याचं १ आणि ० करतात, म्हणजे बेरीज होते. पाऊस ० मिमी असलेल्या रकान्याची लांबी १ असते, त्यामुळं तो यात मोजला जात नाही. ते महत्त्वाचं आहे.

---

बालाघाट_पाऊस · ५ ऑक्टोबर, रात्री १०.४१

लावलं. २८ आलं. अजून ३ कमी.

---

गोदाकाठ · ५ ऑक्टोबर, रात्री १०.५०

त्या ३ रकान्यांत कुठून तरी कॉपी केलेलं आलंय का? एखाद्या वेबपानावरून तक्ता उचलला होता का?

---

बालाघाट_पाऊस · ५ ऑक्टोबर, रात्री १०.५८

हो. जुलैत तीन दिवस गावचा निरोप आला नव्हता, तेव्हा महसूल मंडळाचे (आसपासच्या गावांच्या गटाचे) आकडे एका वेबपानावरून चिकटवले होते. नंतर वाटलं की मंडळाचा आकडा म्हणजे गावचा नव्हे, म्हणून मिटवले.

---

गोदाकाठ · ५ ऑक्टोबर, रात्री ११.०६

मग वेबपानावरची स्पेस मागं राहिली. ती दिसायला आपल्या स्पेससारखीच असते, पण तिचा क्रमांक वेगळा, १६०. ट्रिमला ती ओळखू येत नाही. आधी ती बदलून घ्या:

=सम्प्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(सब्स्टिट्यूट(जी२:जी१२३,कॅर(१६०),"")))=०))

(कॅर म्हणजे कॅरॅक्टर या शब्दाची पहिली चार इंग्रजी अक्षरं.)

---

बालाघाट_पाऊस · ५ ऑक्टोबर, रात्री ११.१२

३१! जुळलं. लई उपकार झाले. उद्या बाकीच्या ८ गावांना लावतो.

---

शाळेची_घंटा · ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

दादा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी जालना जिल्ह्यात शिक्षिका आहे, हजेरीचे आणि पोषण आहाराचे तक्ते वर्षानुवर्षं भरते. तुम्ही बाकीची गावं तपासाल तेव्हा उलटा प्रकारही बघा. दिसायला कोरं, पण आत शून्य.

आमच्याकडं एकदा सगळ्या वर्गांच्या शीट एका शीटला जोडल्या होत्या. ज्या शिक्षकांनी अजून भरलंच नव्हतं त्यांच्या रकान्यांसमोर एकत्रित शीटमध्ये ० यायला लागले. एक्सेलमध्ये असंच होतं. कोऱ्या रकान्याला नुसतं बरोबरचं चिन्ह देऊन जोडलं की त्याचं ० होऊन येतं. व्हीलुकअपनं (दुसऱ्या तक्त्यातून शोधून आणणाऱ्या सूत्रानं) उचललं तरी तेच. मग कुणीतरी ते शून्य बघायला बरे दिसत नाहीत म्हणून सेटिंगमधून लपवले. झालं! आता रकाना दिसतो कोरा, मोजणीत येतो भरलेला, आणि सरासरीत धरला जातो शून्य म्हणून. तीन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात. त्या महिन्याची सरासरी हजेरी इतकी खाली गेली की मुलं शाळेत येतच नाहीत असं कागदावर दिसायला लागलं. माझ्या वर्गातली मुलं रोज येत होती. तो राग अजून गेलेला नाही माझा.

सेटिंग इथं आहे: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथं खाली या वर्कशीटचे डिस्प्ले ऑप्शन असतात, त्यात शून्य दाखवण्याची टिक. ती काढलेली असेल तर लावा.

---

बालाघाट_पाऊस · ६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या हे लक्षातच आलं नसतं. ई कॉलमच्या गावाचा पोरगा स्वतःची वेगळी शीट भरतो आणि मी ती जोडून घेतली होती. तिथं काउंटब्लँक ० येत होतं. मला वाटलं हे गाव सगळ्यांत शिस्तीचं, एक दिवसही चुकवलेला नाही. ग्रुपवर त्याचं कौतुकही केलं. टिक लावल्यावर शून्यच शून्य दिसले. त्याच्या मूळ शीटला मोजलं तर १९ दिवस कोरे आहेत.

पोराची चूक नाही, त्यानं कोरं ते कोरंच ठेवलं होतं. माझ्या जोडणीनं त्याचं शून्य केलं. आता जोडणी कशी लिहू?

---

शाळेची_घंटा · ६ ऑक्टोबर, दुपारी २.०५

=इफ(मूळ!बी२="","",मूळ!बी२)

मूळ म्हणजे त्या शीटचं नाव. तिकडं कोरं असेल तर इकडंही कोरं दिसेल, शून्य येणार नाही. आणि खरंच ० मिमी लिहिलेलं असेल तर ० येईल.

---

गोदाकाठ · ६ ऑक्टोबर, दुपारी २.३०

ताईंचं सूत्र बरोबर आहे. फक्त एक जपा. हे लावल्यावर त्या रकान्यात सूत्र असतं आणि सूत्राचं उत्तर "काही नाही" असतं. अशा रकान्याबद्दल एक्सेलच्या सूत्रांचं आपसात एकमत नाही.

मी हे मराठीत असं लक्षात ठेवलंय. आपल्याकडं दोन शब्द आहेत, कोरा आणि रिकामा. ज्या पानावर शाई लागलीच नाही ते कोरं. ज्या डब्यात आता काही नाही तो रिकामा, पण डबा तर आहे. ज्या रकान्यात काहीच नाही, सूत्रसुद्धा नाही, तो कोरा. ज्यात सूत्र आहे पण उत्तर काही नाही, तो रिकामा.

इझब्लँक फक्त कोऱ्याला हो म्हणतं. काउंटब्लँक कोरा आणि रिकामा दोन्ही मोजतं. काउंटए रिकाम्यालाही भरलेला धरतं, कारण डबा आहे. म्हणून काउंटब्लँक आणि काउंटए यांची बेरीज १२२ च्या वर गेली तर घाबरू नका, काही रकाने दोन्हीकडं मोजले गेलेत.

फक्त कोरे हवे असतील तर =काउंटइफ(ई२:ई१२३,"=") लिहा. अवतरणात नुसतं बरोबरचं चिन्ह. आणि =काउंटइफ(ई२:ई१२३,"") लिहिलंत तर दोन्ही येतात, काउंटब्लँकसारखं.

अजून एक, पुढं कधी ना कधी अडचण करेल म्हणून सांगतो. अशी सूत्रं कॉपी करून नुसती व्हॅल्यू म्हणून चिकटवली की सूत्र जातं, पण रकाना कोरा होत नाही. आत शून्य लांबीचा मजकूर राहतो. लेन ० दाखवतं, क्लिक केलं तर वर काही दिसत नाही, तरी इझब्लँक नाही म्हणतं. तसं झालं तर तो कॉलम निवडून डेटा मेन्यूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि सरळ फिनिश दाबा. रकाने खरोखर कोरे होतात. एका वेळी एकच कॉलम घ्यायचा.

---

सोयाबीन_तूर · ६ ऑक्टोबर, रात्री ८.२०

राम राम. मी रेणापूरकडचा. तुमचं सगळं वाचलो. मला एक कळंना, एवढं मोजत बसायचं कशाला? रिकाम्या दिवशी शेजारच्या दोन गावाची सरासरी काढून टाकायची. नाहीतर ० टाकायचं. बेरजेला काय फरक पडतंय? कोरं असलं काय आणि शून्य असलं काय, एकूण पाऊस तेवढाच येतो की.

---

बालाघाट_पाऊस · ६ ऑक्टोबर, रात्री ९.००

भाऊ, बेरजेचा आकडा तोच येतो हे खरं. पण सरासरी बदलते. चार दिवस घ्या: १२, कोरा, ०, ८. एक्सेलची सरासरी कोरा रकाना सोडून देते, २० भागिले ३, म्हणजे ६.६७. कोऱ्याच्या जागी शून्य भरलं की २० भागिले ४, म्हणजे ५.

आणि बेरीज तोच आकडा दाखवते म्हणून ती खरी ठरत नाही. आमच्या जी कॉलमच्या गावात पर्जन्यमापक ओढ्यापलीकडच्या माळावर आहे. मोजणारे काका सत्तरीचे. ज्या रात्री धो धो कोसळतो त्या सकाळी ओढ्याला पाणी असतं, त्यांना पलीकडं जाता येत नाही. त्यांचे कोरे दिवस म्हणजे पाऊस नसलेले दिवस नव्हेत. उलट, सगळ्यांत जास्त पावसाचे दिवस आहेत. तिथं मी शून्य भरलं तर ज्या रात्री बांध फुटले त्या रात्री गावात थेंबही पडला नाही असं कागद म्हणेल.

शेजारच्या गावाची सरासरी घ्यावी तर आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. बांधाच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं फुफाटा.

---

सोयाबीन_तूर · ६ ऑक्टोबर, रात्री ९.१८

हे ओढ्याचं मी धरलंच नव्हतं. पटलं. आमच्याकडं २०२३ च्या ऑगस्टात पावसानं खंड दिला तवा पीक विम्यासाठी २१ दिवस सलग कोरडे मोजायलते सगळे. तुमच्या शीटमधून खंड निघतो का? आणि मधी कोरा रकाना आला तर काय करायचं?

---

परभणी_कृषी · ६ ऑक्टोबर, रात्री १०.१०

हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मी कृषीचा विद्यार्थी आहे, प्रकल्पासाठी असेच आकडे हाताळतो.

हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. त्याखाली कोरडा. आता ही दोन सूत्रं बघा:

=काउंटइफ(जी२:जी१२३,"<२.५")
=सम्प्रॉडक्ट(--(जी२:जी१२३<२.५))

दोन्ही एकच विचारतात असं वाटतं ना? पहिलं कोरे रकाने सोडून देतं. दुसरं कोऱ्या रकान्याला ० समजून कोरडा दिवस म्हणून मोजतं. तुमच्या शीटमध्ये कोरे रकाने असतील तेवढा फरक पडेल. इफ वापरलं तरी तुलना दुसऱ्या प्रकारानंच होते, कोरा म्हणजे शून्य. मी पहिल्या वर्षी अख्खा तक्ता असाच चुकवला होता आणि मार्गदर्शक सरांनी एक प्रश्न विचारला, "या दिवशी पाऊस नव्हता हे तुला कुणी सांगितलं?" त्या प्रश्नानं माझे डोळे उघडले.

खंड काढायला बाजूला दोन मदतीचे कॉलम करा. एल२ मध्ये:

=इफ(अँड(जी२<>"",जी२<२.५),एन(एल१)+१,०)

हे कोऱ्या रकान्यावर मोजणी तोडतं. एम२ मध्ये:

=इफ(ऑर(जी२="",जी२<२.५),एन(एम१)+१,०)

हे कोऱ्याला कोरडा धरून पुढं मोजतं. दोन्ही १२३ व्या ओळीपर्यंत ओढा आणि =मॅक्स(एल२:एल१२३), =मॅक्स(एम२:एम१२३) काढा. एन लावलंय कारण पहिल्या ओळीत शीर्षक आहे. मजकुरात १ मिळवायला गेलं की चूक येते, एन त्या मजकुराचं ० करतं. आधी स्पेस काढून टाका मात्र.

खंड या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठंतरी आहे, एवढंच तुम्हाला प्रामाणिकपणे म्हणता येईल.

---

बालाघाट_पाऊस · ७ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

रात्रीच केलं. जी कॉलमच्या गावात तोडून मोजलं तर १६ दिवस, धरून मोजलं तर २३. मधला एकच दिवस कोरा आहे. म्हणजे एका रकान्यावर २१ ची रेघ ओलांडली जाते की नाही ते ठरतं. विम्याला मंडळाचा आकडा धरायचे, आमचा नाही, हे माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

---

तेरणाकाठ · ७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

मी महसुलात नोकरी करून निवृत्त झालो. संगणकाचं तुम्हा मुलांइतकं कळत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. एक दिवस मोजायचं राहिलं तर पर्जन्यमापकातलं पाणी कुठं जात नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात मिळतं. म्हणजे कोऱ्या दिवसानंतरचा आकडा एका दिवसाचा नसतो, दोन दिवसांचा असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस गेला की आपण अतिवृष्टी म्हणतो. तुमच्या शीटमध्ये कोऱ्या दिवसानंतर ७८ दिसले तर ती एका दिवसाची अतिवृष्टी म्हणून वाचून दाखवू नका. ते दोन दिवसांचे ४० आणि ३८ असू शकतात. बेरजेत धरा, एका दिवसाच्या हिशेबात धरू नका.

दुसरी. आमच्या नोंदवहीत कोरा रकाना ठेवायला परवानगीच नव्हती. पाऊस नसला तर "निरंक" लिहायचं. माहिती आली नसली तर "अप्राप्त" लिहायचं. कोरा राहिला तर विचारणा व्हायची, कारण कोऱ्या रकान्यात नंतर कुणीही काहीही लिहू शकतो. निरंक म्हणजे मी बघितलं आणि काही नव्हतं. अप्राप्त म्हणजे मला कळलं नाही. आणि कोरा म्हणजे मी लिहायलाच विसरलो. या तिन्हींना एकत्र करून तुम्ही रिकामे म्हणून मोजताय, तिथंच घोळ आहे असं मला वाटतं.

---

परभणी_कृषी · ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

काका, हे आमच्या पुस्तकातल्यापेक्षा सोपं सांगितलंत.

पहिल्या गोष्टीचं सूत्र देतो. कोऱ्या दिवसानंतर लगेच पावसाची नोंद आली असे प्रसंग किती:

=काउंटइफ्स(जी२:जी१२२,"=",जी३:जी१२३,">०")

दोन्ही पट्टे १२१ ओळींचेच आहेत, फक्त दुसरा एक ओळ खाली सरकवलेला. त्यामुळं प्रत्येक दिवसाची त्याच्या दुसऱ्या दिवसाशी जोडी लागते. पट्ट्यांची लांबी वेगळी झाली तर सूत्र चूक दाखवतं.

---

गोदाकाठ · ७ ऑक्टोबर, दुपारी १.००

काकांची दुसरी गोष्ट शीटमध्ये आणता येते. मोजायचं राहिलं त्या दिवशी रकान्यात "अ" लिहा, अप्राप्तचा. पाऊस नसला तर ०. मग:

=काउंटइफ(जी२:जी१२३,"अ") म्हणजे न मोजलेले दिवस
=काउंटइफ(जी२:जी१२३,०) म्हणजे निरंक दिवस; यात कोरे येत नाहीत
=काउंटब्लँक(जी२:जी१२३) म्हणजे शीटमध्ये चढवायचे राहिलेले

पट्ट्यावर लावलेली बेरीज आणि सरासरी मजकूर सोडून देतात, त्यामुळं "अ" नं त्यांना बाधा येत नाही. मात्र जी२+जी३ असं थेट अधिकचं चिन्ह वापरलंत तर चूक येईल. खंडाच्या सूत्रातही बदल लागेल. एक्सेल तुलना करताना मजकुराला आकड्यापेक्षा मोठा धरतं, म्हणून "अ" हा २.५ पेक्षा कमी ठरत नाही. एम कॉलममध्ये ऑर च्या आत जी२="अ" वाढवा.

डेटा व्हॅलिडेशन लावून आकडा किंवा "अ" याशिवाय काही टाइप करता येणार नाही असं करा, स्पेसही अडेल. पण बाहेरून चिकटवलेलं ते अडवत नाही, आणि ज्या रकान्याला हातच लावला नाही तो भरायला लावणंही त्याला जमत नाही. त्यासाठी दर रविवारी काउंटब्लँक बघायची सवयच लागते.

---

शाळेची_घंटा · ७ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

आणि दादा, गावांची नावं किंवा महिने मर्ज करून (अनेक रकाने जोडून एक करून) ठेवले असतील तर ते सोडवा. मर्ज केलेल्या रकान्यांत मजकूर फक्त पहिल्यात असतो, बाकीचे कोरे म्हणून मोजले जातात. पट्टाही नेमका लिहा. =काउंटब्लँक(जी:जी) असं अख्ख्या कॉलमला लावलं तर एक्सेल खालच्या सगळ्या ओळी धरतं, १०,४८,५७६ पर्यंत.

---

बालाघाट_पाऊस · ९ ऑक्टोबर, रात्री १०.१५

दोन दिवस सगळ्या गावांच्या वह्या गोळा करत फिरलो, म्हणून उशीर.

माझ्या पहिल्या सूत्रानं १,०९८ पैकी ९६ रकाने रिकामे सांगितले होते. जी च्या गावातले स्पेस असलेले १४, ई च्या गावातले शून्य झालेले १९ आणि बाकी गावांत मिळून सापडलेले १४ धरले तर खरा आकडा १४३. वह्या शेजारी ठेवून बसलो तेव्हा त्यातल्या ३८ दिवसांचे आकडे वहीत सापडले. ग्रुपवर आले होते, माझ्याकडून चढवायचे राहिले होते. ते भरले. उरलेल्या १०५ मध्ये "अ" लिहिलं. आता काउंटब्लँक खरंखुरं ० दाखवतंय.

परभणीच्या दादांचं सूत्र "अ" साठी बदलून सगळ्या कॉलमना लावलं. न मोजलेल्या दिवसानंतर लगेच पाऊस नोंदलेला, असे २७ प्रसंग आहेत. त्या २७ आकड्यांना पिवळा रंग दिलाय आणि अतिवृष्टीच्या मोजणीतून बाजूला ठेवलंय. त्यातले दोन ६५ च्या वर होते. तेरणाकाठ काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते दोन्ही ग्रामसभेत मोठ्यानं वाचले असते.

खंडाबद्दल असं ठरवलं की दोन्ही आकडे वाचायचे. किमान १६, जास्तीत जास्त २३, मधल्या एका दिवसाची नोंद नाही. ओढ्यापलीकडच्या काकांना विचारलं, त्या दिवशी काय होतं? ते म्हणाले, "मला आठवत नाही, आठवत नाही तर मी सांगणार नाही." म्हणून तिथं "अ" च राहील.

त्यांचा पर्जन्यमापक ओढ्याच्या अलीकडं, शाळेच्या मोकळ्या मैदानात आणायचं गावानं कबूल केलंय. झाडापासून आणि भिंतीपासून लांब जागा बघून ठेवली आहे.

---

सोयाबीन_तूर · ९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

दादा, तुमची कोरी शीट मिळंल का? आमच्या तीन गावात पुढच्या जूनपासून चालू करावं म्हणतो. मोजणारी माणसं मी बघतो.

---

बालाघाट_पाऊस · ९ ऑक्टोबर, रात्री १०.५५

देतो भाऊ. व्हॅलिडेशन लावून, मोजणीची तिन्ही सूत्रं तळाशी टाकून उद्या पाठवतो. आधी "जे" कॉलमच्या गावाला जाऊन येऊ द्या. त्यांची दुसरी वही मोजणाऱ्याच्या सुनेकडं आहे असं आज कळलं. त्या गावाचे ६ दिवस "अ" आहेत, त्यातले काही तिच्या वहीत असतील.